टीव्हीसाठी वायरलेस हेडफोन घेताय? मग घरी बसून हे तपासा

टीव्हीसाठी हेडफोन घ्यायचा म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात कुठल्या कंपनीचा घेऊ, आणि दुसरा म्हणजे बास कसा आहे. टीव्हीच्या कामाला हे दोन्ही प्रश्न सगळ्यात शेवटी येतात. गाण्यांना एकदम भारी वाटणारा हेडफोन टीव्हीसमोर बिनकामाचा ठरू शकतो, कारण निवेदिकेचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, किंवा दोन तास लावला की कानाची पाळी दुखायला लागते, किंवा आजीला नुसता गोंगाट ऐकू येतो आणि वाक्य काही कळत नाही. म्हणून दुकानात पाच मिनिटं गाणं ऐकून ठरवू नका, आपल्या घरी, आपल्या टीव्हीला, जो माणूस रोज वापरणार त्याच्या कानावर तपासा.

आपल्याकडे गोव्यात याची गरज जास्त का पडते ते सगळ्यांना माहीत आहे. जून ते सप्टेंबर पाऊस लागला की कौलांवर आणि गच्चीवरच्या पत्र्यावर असा काही आवाज होतो की टीव्हीचा व्हॉल्यूम वाढवत वाढवत शेवटाला नेला तरी मालिकेतलं बोलणं समजत नाही, मग आतल्या खोलीत पोरं अभ्यासाला बसलेली असतात ती वैतागतात, कोणी वेर्ण्याला रात्रपाळी करून येऊन झोपलेलं असतं. फुटबॉलचं तर विचारूच नका, युरोपातल्या मोठ्या मॅचेस आपल्याकडे रात्री साडेबारा नाहीतर दीड वाजता सुरू होतात आणि त्या वेळी स्पीकरवर कॉमेंटरी लावली तर शेजारचे सकाळी बोलत नाहीत.

पहिलं काम हेडफोनचं नाहीच, टीव्हीच्या मागे बघायचं आहे. मोबाइलची टॉर्च लावून मागच्या आणि बाजूच्या सगळ्या छिद्रांचे फोटो काढा. साधा गोल ३.५ मिमीचा हेडफोन जॅक आहे का, लाल-पांढरे ऑडिओ आउट आहेत का, ऑप्टिकल आहे का (छोटं चौकोनी भोक, त्याला झडप असते, टीव्ही चालू असताना आत लाल उजेड दिसतो), एचडीएमआयच्या एखाद्या पोर्टवर एआरसी (ARC, म्हणजे त्याच पोर्टमधून टीव्हीचा आवाज बाहेर पाठवायची सोय) लिहिलंय का. मग सेटिंगमध्ये साउंड आउटपुट उघडा आणि ब्लूटूथ दिसतं का ते बघा. सेट-टॉप बॉक्सचा रिमोट ब्लूटूथवर चालतो म्हणून टीव्हीलापण ब्लूटूथ असणार असं काही नसतं. पुष्कळ नव्या टीव्हींना गोल जॅक दिलेलाच नसतो, आणि हे हेडफोन घरी आणल्यावर कळलं की मग सगळी धावपळ.

आता प्रकार. ब्लूटूथवाले सगळ्यांना माहीत आहेत. दुसरे खास टीव्हीसाठी केलेले, त्यांच्यासोबत एक डबी किंवा स्टँड येतो, तो टीव्हीला वायरने जोडायचा आणि तो रेडिओने हेडफोनला आवाज पाठवतो, बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर. तिसरे इन्फ्रारेडवाले, त्यांना समोरासमोर दिसावं लागतं, मध्ये माणूस आला की आवाज तुटतो आणि उन्हाचा प्रकाश सरळ पडला तरी खरखर येते, त्यामुळे ज्या हॉलचं दार दिवसभर बल्कांवाकडे (पुढच्या ओसरीकडे) उघडं असतं तिथे ते घेऊ नका. घरात कोणी म्हातारं माणूस फक्त टीव्हीसाठी वापरणार असेल तर माझा कौल दुसऱ्या प्रकाराला. जोडणी एकदाच होते, पेअरिंगची कटकट नाही, उशीर बहुतेक वेळा जाणवत नाही, आणि स्टँडवर ठेवला की चार्ज होतो. ब्लूटूथवाला तेव्हा घ्या जेव्हा तोच हेडफोन फोनलाही लागणार असेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, उशीर म्हणजे लेटन्सी. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून पॅक केला जातो, मग हवेतून जातो, मग हेडफोनमध्ये थोडा साठवून उघडला जातो, मध्येच तुटू नये म्हणून. साध्या एसबीसी कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाज दाबायची आणि उघडायची पद्धत) या सगळ्याला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. माणसाला किती कळतं? आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) १९९८ ची एक शिफारस आहे, तिच्यात आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला की लक्षात येतं, पण मागे पडला तर साधारण १२५ पर्यंत कळत नाही असं धरलेलं आहे. मागे पडलेला आवाज आपण जास्त सहन करतो कारण खऱ्या आयुष्यात तसंच होतं, फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये बसलात आणि बॉल तुमच्यापासून ३४ मीटरवर असला तर किकचा आवाज तुमच्याकडे १०० मिलिसेकंद उशिरा येतो आणि कोणाला काही वाटत नाही. पण २०० च्या पुढे गेलं की डबिंग केल्यासारखं दिसतं, आणि एकदा दिसलं की मग दिसतच राहतं.

खोक्यावर कोडेकची नावं असतात त्यातलं कामाचं तेवढंच सांगतो. एपीटीएक्स लो लेटन्सी साधारण ४० मिलिसेकंदांवर चालतं आणि टीव्हीला एकदम बरोबर, पण ते आवाज पाठवणाऱ्या टीव्हीत किंवा ब्लूटूथच्या डबीतही हवं आणि हेडफोनमध्येही हवं, एका बाजूला नसलं की गाडी गुपचूप एसबीसीवर येते आणि स्क्रीनवर तसं कुठे लिहून येत नाही. नव्या मालात त्याच्या जागी एपीटीएक्स अडॅप्टिव्ह दिसतं, तेही दोन्हीकडे लागतं. एलडॅक आवाजाच्या दर्जासाठी आहे, वेळेसाठी नाही, टीव्हीसाठी त्याचे पैसे देऊ नका. अ‍ॅपलचे एअरपॉड एपीटीएक्स घेतच नाहीत, त्यामुळे लो लेटन्सीची डबी आणून एअरपॉडला लावली तर फायदा शून्य. एलई ऑडिओ आणि ऑराकास्ट हे ब्लूटूथमध्येच नवीन आलंय, एकाच टीव्हीवरून कितीही हेडफोनना आवाज जातो आणि उशीरही कमी, पण ते टीव्हीतही असायला लागतं आणि हेडफोनमध्येही, सध्या थोड्याच नव्या टीव्हींमध्ये आहे.

तपासायचं कसं? बातम्या लावा, ज्यात निवेदक समोर तोंड करून बोलतो. सह्याद्रीच्या सातच्या बातम्या चालतील, गोव्याचा कुठलाही लोकल चॅनेल चालेल. प, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटावेच लागतात, म्हणून पणजी, म्हापसा, मडगाव, पेडणे, मुख्यमंत्री, पोलीस असले शब्द आले की फक्त ओठ बघा. ओठ मिटून उघडले आणि त्याच क्षणाला कानात ‘प’ फुटला तर ठीक, ओठ उघडून पुढच्या अक्षरावर गेले आणि मग ‘प’ आला तर हा हेडफोन त्या टीव्हीला नको. मैफलीचं रेकॉर्डिंग असेल तर तबलजीची बोटं बघा, ती अजून कडक परीक्षा.

ज्यांना आकडा पाहिजे त्यांनी फोनचा स्लो मोशन वापरा, पण आधी बघून घ्या की तुमचा फोन स्लो मोशनमध्ये आवाजही रेकॉर्ड करतो. २४० फ्रेमवर ठेवा, टीव्हीवर ओठांच्या ताळमेळाचा टेस्ट व्हिडिओ लावा (एक ठिपका चमकतो आणि टिक वाजतं असले पुष्कळ मिळतात), हेडफोनची एक वाटी फोनच्या माइकजवळ धरा आणि स्क्रीनचं शूटिंग करा. मग एडिटरमध्ये उघडून ठिपका चमकल्यापासून आवाजाची रेघ वर उठेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजा. एक फ्रेम म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या थोडं वर, म्हणजे २४ फ्रेम गेल्या की १०० मिलिसेकंद. आधी टीव्हीच्या स्पीकरवर हेच करून घ्या, म्हणजे टीव्हीचा स्वतःचा फरक किती आणि हेडफोनने घातलेला किती ते वेगळं कळेल.

एक गोष्ट इथे पक्की लक्षात ठेवा. यूट्यूबवर ताळमेळ बरोबर आला म्हणून केबलवरही येईल असं नाही. टीव्हीतल्या अ‍ॅपला माहीत असतं की आवाज ब्लूटूथवरून जातोय, मग ते चित्र थोडं थांबवून आवाजाशी जुळवून घेऊ शकतं, पण सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआयने येणाऱ्या चित्राचं बहुतेक टीव्ही असं काही करत नाहीत. म्हणजे ज्यावरून घरात सगळ्यात जास्त बघितलं जातं त्याच्यावरच टेस्ट घ्या, आई डिशवर मालिका बघते तर डिशवर. आणि टीव्हीच्या सेटिंगमधली एव्ही सिंकची (आवाज-चित्र जुळवायची) पट्टी बघून खूश होऊ नका, पुष्कळ टीव्हींमध्ये ती फक्त आवाज अजून मागे ढकलते, आपल्याला हवं असतं ते उलटं.

ऑप्टिकलवरून डबी जोडली आणि आवाजच आला नाही तर डबी परत पाठवायच्या आधी दोन गोष्टी बघा. केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकची इवलीशी टोपी असते, ती काढली का? आणि टीव्हीच्या डिजिटल ऑडिओ सेटिंगमध्ये डॉल्बी, बिटस्ट्रीम किंवा ऑटो असेल तर ते पीसीएम (साधा, न दाबलेला आवाज) करा, साध्या डब्यांना डॉल्बी उलगडता येत नाही म्हणून त्या गप्प बसतात नाहीतर खरखर करतात. ऑप्टिकलवर टीव्हीच्या रिमोटने बहुतेक हेडफोनचा आवाज कमी-जास्त होत नाही, म्हणून हेडफोनवर स्वतःचं व्हॉल्यूमचं बटण किंवा चक्र पाहिजेच, आणि ते अंधारात बोटाला कळेल असं पाहिजे.

ऑप्टिकलचा मोठा फायदा म्हणजे बहुतेक टीव्हींवर स्पीकरही चालू राहतो. बाबा हेडफोनवर मोठ्याने ऐकतात आणि बाकीचे स्पीकरवर हळू, दोघं एकत्र बसून. गोल जॅकमध्ये पिन घातली की बऱ्याच टीव्हींचा स्पीकर बंदच होतो आणि मग एक माणूस बघतो आणि बाकीचे मूकपट बघतात. काही टीव्हींमध्ये हे सेटिंगमधून बदलता येतं, ते घेण्याआधी तपासा. ब्लूटूथ आणि स्पीकर एकदम चालू ठेवायची सोय काही टीव्हींत आहे, पण मग हेडफोन लावलेल्याला आधी बाहेरचा आणि मग कानातला असा आवाज दोनदा येतो का ते ऐकून बघा.

आता बोलणं समजण्याचं. वय वाढलं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, आणि स, श, त, क, फ ही व्यंजनं तिथेच असतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात की आवाज येतो पण कळत नाही. अशा कानाला भरपूर बास असलेला हेडफोन दिला तर पार्श्वसंगीताचा धप्प धप्प वाढतो आणि बोलणं अजून झाकलं जातं. टेस्ट करताना ‘आजी, आवाज येतो गे?’ असं विचारू नका, त्या हो म्हणणार, तुम्ही एवढे पैसे खर्चून आणलंय म्हणून तरी म्हणणारच. मालिकेतला एक प्रसंग लावा ज्यात मागे संगीत वाजतंय, दोन वाक्यं झाली की थांबवा आणि विचारा, सुनेनं काय सांगितलं? बरोबर सांगितलं की हेडफोन पास. टीव्हीत क्लिअर व्हॉइस किंवा स्पीच असा मोड असतो तोही लावून बघा, पण तो हेडफोनला लागू होतो की फक्त स्पीकरला, हे टीव्हीप्रमाणे बदलतं. ओटीटीवर ऑडिओमध्ये ५.१ (खोलीभर लावलेल्या सहा स्पीकरांसाठीचा आवाज) असेल आणि शेजारी स्टिरिओ असेल तर स्टिरिओ निवडा, ५.१ चं दोन कानांत उतरवताना बोलणं दबून जातं आणि धमाके पुढे येतात.

डाव्या-उजव्याचा बॅलन्स बदलता येणं हीसुद्धा मोठी सोय आहे, कारण दोन्ही कान सारखे कमी झालेले असतातच असं नाही. मात्र एकाच कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर हेडफोन शोधत बसू नका, लगेच कानाच्या डॉक्टरकडे जा, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये ईएनटी विभाग आहे, तिथे गेलात तरी चालेल, यात दिवस घालवायचे नसतात. श्रवणयंत्र असेल तर वरून हेडफोन घातल्यावर शिट्टी मारते का बघा, मारत असेल तर त्याच यंत्राच्या कंपनीचा टीव्ही स्ट्रीमर मिळतो का ते विचारा, तो आवाज सरळ यंत्रात पाठवतो आणि डोक्यावर काही घालायला लागत नाही.

व्हॉल्यूमचं पण बोलून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, लहान मुलांसाठी ७५ डेसिबलवर तेवढेच तास. टीव्ही हा गाण्यासारखा अर्धा तास ऐकायचा प्रकार नाही, घरात संध्याकाळी सातला लागला की साडेदहापर्यंत चालू असतो, म्हणजे आठवड्याचे साडेचोवीस तास इथेच जातात. व्हॉल्यूमला मर्यादा लावायची सोय असलेला हेडफोन मिळाला तर पोरांसाठी तोच घ्या.

आरामाची परीक्षा मोठी हवी, निदान एक अख्खा सिनेमा. चष्मा लावून बघा, काडी आणि वाटीच्या मध्ये कान चेंगरतो आणि ते पहिल्या दहा मिनिटांत कळतच नाही. आईच्या कानात कुड्या असतात, वाटी कानाला टेकणारी असेल तर मळसूत्र मागून टोचतं, म्हणून पूर्ण कान आत जाईल अशी मोठी वाटी घ्या. अंबाडा असेल, वर फुलं माळलेली असतील, तर डोक्यावरची पट्टी बसत नाही, तिथे हनुवटीखाली लोंबणारा डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखा प्रकार मिळतो, तो हलका असतो आणि केसांना लागत नाही. वजन अडीचशे ग्रॅमच्या पुढे गेलं की मान बोलायला लागते. आरामखुर्चीत मागे डोकं टेकून पण बघा, काही वाट्या मागून खुर्चीला अडकतात.

पावसासाठी नॉइज कॅन्सलेशन घ्यावं का, असं पुष्कळजण विचारतात. ते पंख्याची घरघर, एसीचा गुणगुणाट, जनरेटर असले एकसुरी खालचे आवाज छान मारतं, पण पत्र्यावरच्या पावसाची तडतड वरच्या पट्टीची असते, तिला चांगली बंद वाटी आणि जाड गादीच जास्त अडवते. म्हणजे पावसासाठी म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका. उलट घरात एकटं माणूस असेल तर बेल, फोन आणि कुकरची शिट्टी ऐकू यायला पाहिजे, तिथे बाहेरचा आवाज आत घेणारा मोड नाहीतर उघड्या पाठीचा हेडफोन बरा.

रेंजसाठी खोक्यावरचे मीटर विसरा, ते मोकळ्या मैदानातले असतात. जुन्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती दीड-दोन फूट जाड, दोन भिंती मध्ये आल्या की सिग्नल लंगडतो. हेडफोन घालून स्वयंपाकघरापर्यंत, मागच्या पडवीपर्यंत, न्हाणीघराच्या दारापर्यंत चालत जा आणि कुठे तुटतो ते बघा. डबी टीव्हीच्या मागे कोंबून ठेवू नका, पुढे आणा आणि वायफायच्या राउटरपासून हातभर तरी लांब ठेवा, दोघंही २.४ वर बोलतात. राउटरला ५ गिगाहर्ट्झ असेल तर टीव्ही आणि फोन त्याच्यावर घाला. मायक्रोवेव्ह चालू करूनही एकदा बघा, तोही त्याच पट्ट्यात असतो आणि जुन्या मायक्रोवेव्हजवळ आवाज हमखास तुटतो.

आपल्या हवेत हेडफोन कशाने मरतो तर दमटपणाने. काळ्या नकली चामड्याच्या गाद्या एक-दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडायला लागतात आणि ते कानाला चिकटतात. म्हणून घेतानाच विचारा, गाद्या सुट्या मिळतात का आणि घरी बदलता येतात का. कापडी गादीत कान कमी घामेजतो, पण ती धुऊन पूर्ण वाळवायला लागते नाहीतर बुरशी धरते. एकच हेडफोन घरातल्या चौघांनी घालू नये, दमट हवेत कानाला बुरशी लागणं आपल्याकडे नवीन नाही, खाज सुटली तर तेल घालत बसू नका, डॉक्टरला दाखवा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी स्टँडचे चार्जिंगचे पितळी ठिपके अधूनमधून सुक्या सुती फडक्याने पुसावेत, हिरवट थर आला की चार्जिंग होत नाही आणि लोक बॅटरी गेली म्हणून टाकून देतात. पावसाळ्यात वापर नसेल तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

बॅटरी कुठली ते पण बघा. टीव्हीच्या काही हेडफोनमध्ये साधे रिचार्जेबल ट्रिपल ए सेल असतात, ते संपले की बाजारातून नवीन आणून घालता येतात. ब्लूटूथवाल्यांची बहुतेक आत सील केलेली असते. पावसात लाईट गेली आणि इन्व्हर्टरवर टीव्ही चालू ठेवलात तर स्टँडचा प्लगही इन्व्हर्टरच्याच बोर्डावर असायला हवा, नाहीतर चित्र चालू आणि हेडफोन मुका.

आखातातून किंवा बोटीवरून येणाऱ्या माणसाकडून मागवत असाल, आपल्याकडे घरटी एक जण तरी बाहेर असतोच, तर तीन गोष्टी त्याला आधीच सांगा. अ‍ॅडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असावं, नुसतं ११०-१२० असेल तर इथे जळेल. रेडिओवाला असेल तर २.४ गिगाहर्ट्झचाच आण, कारण ८००-९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कुठल्या देशात काय मोकळं आहे ते वेगवेगळं असतं आणि तिकडचा सेट इथे खरखर करू शकतो. आणि वॉरंटी भारतात चालते का ते बिलावर बघून घे, पुष्कळदा चालत नाही.

इथेच घेणार असाल तर पणजीत अठरा जून रस्त्याला, मडगावात, म्हापशात दुकानदाराला सरळ सांगा की घरी टीव्हीला लावून बघणार आहे, जमलं नाही तर बदलून देणार का, आणि ते बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन घेताना ‘परत’ आणि ‘फक्त बदली’ यातला फरक वाचा, कानात घालायच्या वस्तूंचे पैसे परत करायला बरेच जण तयार नसतात. पार्सल आलं की गाद्यांवरचं प्लास्टिक आणि खोकं फेकू नका, त्याच संध्याकाळी बातम्या लावून ओठांची परीक्षा घ्या, दुसऱ्या दिवशी सिनेमाची, आणि ज्याच्यासाठी आणलाय त्याच्या हाताने तो एकदा चालू-बंद करून घ्या, तुम्ही घरी नसताना त्यालाच ते करायचं आहे.